साखळी मालनपाशी थांबते

"थांबली! सर, थांबली!" पोरं ओरडली, आणि माझ्या हातातलं घड्याळ मात्र पळतच होतं. नऊ सेकंद, दहा, अकरा.

"कुठं थांबली?"

"मालनपाशी! दुसरी कुठं थांबनार?"

हरणशाच्या शाळेच्या पटांगणात सातवीची तेहतीस पोरं एकमेकांचे हात धरून गोल उभी होती. खेळ साधा होता. पहिल्यानं शेजाऱ्याचा हात दाबायचा, त्यानं पुढच्याचा, आणि दाब गोल फिरून पहिल्याकडे परत आला की मी घड्याळ बंद करायचं. एका हाताला कळलेलं मेंदूकडे जाऊन मेंदूचा हुकूम दुसऱ्या हाताला पोचायला किती वेळ लागतो, ते वेळेला तेहतीसनं भागलं की निघायचं. चांगली फेरी आठ सेकंदांत व्हायची.

मालन खोत झेंड्याच्या काठीकडे बघत उभी होती. डाव्या बाजूच्या पोरीनं तिचा हात दाबून दाबून लाल केला होता. मालनच्या पापण्या धूळ गेल्यासारख्या बारीक फडफडत होत्या, बाकी अंग जसंच्या तसं. अठराव्या सेकंदाला तिनं पुढच्या पोराचा हात दाबला, तोही अगदी लगबगीनं, आपण कशी चपळाई केली असं तोंड करून.

"मालनबाईंचं पोस्ट जेवणाच्या सुट्टीवर गेलं होतं वाटतं," मी म्हणालो.

पोरं हसून हसून लोळली. त्या दिवसापासून अख्ख्या शाळेत तिचं नाव 'पोस्ट बंद' पडलं.

ती एकटी हसली नाही. "काय झालं?" असं तिनं शेजारणीला विचारलं.

अठ्ठ्याहत्तर साल होतं. आम्ही प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.ला होतो, आणि विद्यापीठानं त्या वर्षी नवंच काढलं होतं: आठ शनिवार खेड्यातल्या शाळेत जाऊन मज्जासंस्था शिकवायची, सेवा म्हणून. सेवेचे तास पुरे भरले आणि अहवाल घाटगे सरांच्या पसंतीस उतरला तरच परीक्षेचा अर्ज पुढं सरकायचा. हरणसं आमच्या वाट्याला आलं. आमच्या म्हणजे माझ्या आणि शरयू पाटणकरच्या.

शरयू वही लिहायची आणि मी बोलायचो. मेंदू उलगडून अंथरला तर शाळेच्या कौलांवर वाळत घालता येतो, असं मी पहिल्याच दिवशी सांगितलं. आमच्या विद्यापीठात एकदा घातलाही होता, पण कावळे पळवायला लागले म्हणून आता घालत नाहीत, हेही सांगितलं. पोरांनी ते घरी जाऊन सांगितलं, घरच्यांनी पारावर. दुसऱ्या शनिवारी आम्ही एस.टी.तून उतरलो तर दोन म्हातारे मला बघायला थांब्यावर आले होते.

"दिगंबर, निदान कावळे तरी गाळ," शरयू म्हणाली.

"कावळ्यांमुळंच तर मेंदू लक्षात राहतो."

श्वासाची युक्तीही माझीच. पहिल्या शनिवारी साखळीला अकरा-बारा सेकंद लागत होते आणि पुस्तकातल्या आकड्याशी काही केल्या जुळत नव्हतं. मग मी पोरांना सांगितलं, शर्यतीआधी अरबी घोड्याला दोन माणसं पंख्यानं वारं घालतात, तो वारा मेंदूला लागतो आणि घोडा उधळतो. आपण नाकानं घालू. मी डस्टरनं टेबलावर ठोके द्यायचो आणि ठोक्याला एक असे दोन मिनिटं पोरांनी खोल, जोरात श्वास घ्यायचे. मग हात धरायचे. पोरांना जरा गरगरायचं, गंमत वाटायची. वेळ खरंच खाली आला. तो सरावानं आला असणार, पण श्रेय मी घोड्याला दिलं.

फक्त मधूनमधून साखळी थांबायची, आणि दर वेळी मालनपाशीच.

आता प्रयोगशाळेत आमच्या अंगात एक शिस्त मुरलेली होती. पुस्तकातल्या उत्तराच्या जवळ जाणारं रीडिंग ते खरं. लांब जाणारं ती हाताची चूक, तिच्यावर लाल रेघ. सगळं विद्यापीठ असंच पास होत आलं होतं. आठ पूर्णांक दोन, आठ पूर्णांक चार, अठरा, अठरावर रेघ. सात पूर्णांक नऊ, एकवीस, एकवीसवर रेघ. पाच शनिवारांत अकरा रेघा झाल्या. एकही रेघ ओढताना माझा हात थबकला नाही.

सहाव्या शनिवारी घाटगे सर स्वतः बघायला येणार होते. सर हसून दांडी उडवणारे गृहस्थ. त्यांच्यासमोर एकवीस सेकंद आले असते तर "वा, ही तेहतीस पोरं आहेत की तेहतीस कासवं?" एवढंच ते म्हणाले असते, आणि अर्ज पुढच्या सालावर गेला असता.

गोल उभा राहायच्या आधी मी मालनला बाजूला घेतलं.

"मालन, तू पायरीवर बस. ही वही धर."

"माझ्यामुळं थांबती म्हणून?"

"छे गं. वही धरायला हुशार माणूस लागतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पायरीवर जाऊन बसली आणि वही दोन्ही हातांनी छातीशी धरली. ऑफिसच्या दारात हेडमास्तर चौगुले गुरुजी उभे होते. त्यांनी हे सगळं पाहिलं.

बत्तीस पोरांनी सात पूर्णांक सात सेकंदांत साखळी फिरवली. सर खूश झाले. जाताना माझ्या पाठीवर थाप पडली, आणि मी परतीच्या गाडीत शरयूला वाघाची एक गोष्ट ऐकवली, ती तिनं ऐकली नाही. ती मांडीवर वही घेऊन लाल रेघा मोजत होती.

सातव्या शनिवारी सकाळच्या गाडीत तिनं ती वही माझ्यापुढं धरली.

"बघ. पहिल्या शनिवारी एकही रेघ नाही. रेघा दुसऱ्यापासून. म्हणजे तुझे घोडे सुरू झाल्यापासून."

"म्हणजे?"

"अकराच्या अकरा वेळा साखळी श्वासांनंतर थांबलीय. श्वास न घेता आपण चौदा फेऱ्या केल्या, त्यांत एकदाही नाही. आणि दर वेळी तीच मुलगी. मी मिरजेच्या मावसभावाला भेटले. तो डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्यानं आधी विचारलं, पापण्या फडफडतात का? मी हो म्हटलं. मग विचारलं, जोरात श्वास घेतल्यावर जास्त होतं का? मी म्हटलं, तुला कसं कळलं?"

मी तिच्या हातातली वही ओढून घेतली.

"फेफरं आहे ते, दिगंबर. न पडणारं. दहा-पंधरा सेकंद मेंदू नुसता थांबतो. तिला स्वतःला पत्ताही लागत नाही. डॉक्टर हे बघायला मुद्दाम असेच श्वास घ्यायला लावतात. आपण चार शनिवार तेच करत होतो आणि वर तिला हसत होतो."

"गोळ्या असतात का त्याला?"

"असतात. त्यानं थांबतंसुद्धा. फक्त तोवर तिला विहिरीपासून आणि चुलीपासून जपायला हवं, म्हणाला."

आम्ही शाळेत पोचलो तर वर्गात बत्तीसच डोकी.

"पोस्ट कायमचं बंद, सर!" कुणीतरी मागून ओरडलं. या वेळी मला हसू आलं नाही.

चौगुले गुरुजी हजेरीवर सही करत होते. "खोताची होय? नाव काढलं तिचं बापानं. गुऱ्हाळावर लावली. सोमवारपासनं घाण्यात ऊस घालती."

"घाण्यात?" शरयूचा आवाज चिरकला.

"मग काय करायचं? वर्गात डोळं उघडं ठेवून झोपती. दोन वर्षं मी पट्ट्या मारल्या, गुण न्हाई. बापाला म्हटलं, विद्यापीठाच्या पोरांनीसुदिक भायेर काढून बसवली, आता मी काय दिवे लावू? त्याला पटलं."

"कुठंय गुऱ्हाळ?"

गुरुजींनी खिडकीतून पेनानं दाखवलं. उसाच्या पलीकडे धुराची एक काळी शेंडी वर चालली होती. अर्धा-पाऊण मैल असेल. आम्ही पळालो. उसाचं पान तोंडाला कापत होतं, शरयूची चप्पल पाटात गेली ती तिनं काढलीच नाही, आणि माझ्या डोक्यात सगळं अंतर एकच घड्याळ चालू होतं: नऊ, दहा, अकरा.

इंजिनाचा आवाज आधी आला. मग उकळत्या रसाचा वास. मग मालन दिसली. दोन हातांनी ऊस उचलून ती घाण्याच्या दोन फिरत्या लोखंडी लाटांमध्ये बुडखा देत होती, लाट तो ओढून घेत होती, पलीकडून चिपाड बाहेर पडत होतं. परकर खोचलेला, तोंड घामानं चमकत होतं. आम्हाला बघून तिचं तोंड फुललं.

"सर! बाई! रस पिता?"

"मालन, जरा इकडं ये बघू," शरयू म्हणाली. तिनं आवाज इतका हळू ठेवला होता की तिची मान ताठली होती. मालन आली. मी मोकळा श्वास घेतला.

शिदू खोत रसाच्या काहिलीवरची मळी काढत होता. झारा हातात तसाच ठेवून तो पुढं आला. रुंद, शांत माणूस.

"काय मास्तर? कोन गेलं का?"

मी सांगितलं. आयुष्यात प्रथमच काहीही न वाढवता, न रंगवता. तुमच्या पोरीच्या मेंदूत मधूनच एक वादळ येतं, दहा सेकंद राहतं आणि जातं. तेवढ्या वेळात ती इथं असते आणि नसते. तिला घाण्यावर ठेवू नका, डॉक्टरकडे न्या.

शिदू खोत ऐकत होता. त्याच्या मिशीचं एक टोक हळूच वर गेलं.

"घोड्याला वारं घालनारं मास्तर ते तुमीच न्हवं?"

मागं इंजिनापाशी बसलेले दोघं खिंकाळले.

"आन् कौलावरचा मेंदू कावळ्यानं नेला, त्योबी तुमचाच?"

"ते खोटं होतं. हे खरं आहे."

"मग आमाला कसं कळायचं, कुठलं कवा खरं?" तो रागावला नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. "पोरगी पडत न्हाई, फेस येत न्हाई, आन् फेफरं? आमच्या भावकीत फेफरं झालंय, मी बघितलंय. ही झोपाळू हाय. आईवर गेलीया."

"मालन, तुला काय होतं गं?" शरयूनं विचारलं.

मालननं पदरासारखं परकराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मला काय बी होत न्हाई. मी हाय तितंच असते. तुमीच सगळी येकदम फुडं जाता."

शिदू खोताचा झारा क्षणभर हलायचा थांबला. मग त्यानं डोकं झटकलं.

"दोन मिनिटं द्या," मी म्हणालो. "तुमच्या डोळ्यांसमोर दाखवतो. नाही झालं तर आम्ही आल्या पावली जातो."

"दिगंबर, नको," शरयू कुजबुजली. "मुद्दाम नको."

"मग दुसरं काय आहे आपल्याकडे?"

तिच्याकडेही दुसरं काही नव्हतं. मालनला गुळाच्या ढेपा ठेवायच्या पाटावर बसवलं. मी रिकाम्या डब्यावर ठोके देऊ लागलो. मालन मनापासून श्वास घेत होती, खांदे वर, खांदे खाली. बापानं नजर तिच्या तोंडावर रोखली होती. "पापण्या बघा," मी म्हणालो, "पापण्या." धूर अंगावर आला, ती खोकली, पुन्हा सुरू झाली. माझ्या बोटांना डब्याची धार लागत होती. देवा, एवढ्या एकदा होऊ दे, असं मी एका लेकराच्या आजाराबद्दल मनात म्हणत होतो.

दोन मिनिटं झाली. अडीच झाली. मालन टकटकीत डोळ्यांनी माझ्याकडे बघत होती.

"झालं?" शिदू खोत म्हणाला.

मी डबा खाली ठेवला.

"सर," मालन म्हणाली, "मी पास झाले न्हवं?"

"झालीस," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

तिनं टुणकन उडी मारली. "बाबा, मी पास झाले!" आणि ती घाण्याकडे पळाली. शिदू खोत झारा घेऊन तिच्या मागं गेला. मी खाली मान घालून पाटाकडे बघत राहिलो. आता शरयू मला काय काय बोलेल, गुरुजी काय म्हणतील, याचा विचार करत होतो, खोटं का बोला.

शरयूनं माझा दंड धरला. नखं रुतली.

"दिगंबर, साखळी श्वास घेताना थांबली नव्हती. श्वास संपले, पोरं गोल उभी राहिली, हात धरले, मग थांबायची. त्यात वेळ जायचा."

मी मान वर केली. मालननं ऊस उचलला होता. बुडखा लाटेत दिला होता. आणि ती काहिलीच्या धुराकडे बघत होती. ऊस आत चालला होता, मूठ उसावर होती तशीच होती, आणि मुठीबरोबर हात चालला होता.

मधे सहा-सात ढांगा होत्या. त्या मी कशा टाकल्या ते मला आजही सांगता यायचं नाही. हाक मारून उपयोग नव्हता, हाक ऐकायला तिथं कुणी नव्हतं. मी डाव्या हातानं तिचं मनगट खालून वर उडवलं. तिची मूठ सुटली. माझा हात मात्र गेलेल्या जोरानं पुढंच गेला.

शिदू खोतानं झाऱ्यानं इंजिनाचा पट्टा पाडला. इंजिन मोकळं धडधडत राहिलं. माझी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही चिपाडात. दुखलं नंतर. आधी मला फक्त मालनच्या पापण्या दिसत होत्या, बारीक बारीक फडफडणाऱ्या, आणि तिच्या बापाचं तोंड त्या पापण्यांपासून वीतभर अंतरावर. तो बघत होता. त्यानं पाच-सहा सेकंद तरी ते पाहिलं. जन्मभर पुरेल एवढं.

मग मालननं डोळे मिटले, उघडले, आणि रिकाम्या मुठीकडे बघून म्हणाली, "ऊस कुनी घेतला?" तेवढ्यात तिला माझा हात दिसला, आणि ती किंचाळली.

"सर! तुमी हात का घातला?"

सगळी माणसं गोळा झाली होती. शिदू खोतानं तोंड उघडलं. शरयूनंही उघडलं. तेरा वर्षांची पोर माझ्या हाताकडे बघत होती आणि उत्तराची वाट पाहत होती. तिच्या वाट्याला ही दोन बोटं जन्मभर येणार होती.

"म्हटलं, बघू तरी ऊस कसा जातो," मी म्हणालो.

मग इंजिनापाशी बसलेला एक जण म्हणाला, "येडं हाय का काय हे!" दुसरा म्हणाला, "विद्यापीठात असलीच भरत्यात." कुणाला क्षणभरसुद्धा शंका आली नाही. मघाशी मी घसा सुकवून खरं सांगत होतो तर हसले होते, आणि आता ही थाप माझ्या तोंडून निघायच्या आत सगळ्या गुऱ्हाळानं गिळली.

शिदू खोतानं मात्र माझ्याकडे पाहिलं. मग उपरणं काढून माझ्या हाताला गच्च गुंडाळलं आणि उघडलेलं तोंड मिटलं.

पुढचं थोडक्यात. मालनला मिरजेला दाखवलं, गोळ्या सुरू झाल्या, वर्षभरात ते येणं थांबलं, आणि जूनमध्ये ती आठवीत बसली. चौगुले गुरुजींनी स्वतः घरी जाऊन नाव घातलं. आजार काय आहे ते शरयूनं तिला चित्रं काढून समजावलं. बोटांचं खरं तेवढं तिला सांगायचं राहिलं. "खोटं आहे ते," शरयू मला सांगत आली, आधी मैत्रीण म्हणून आणि नंतर चाळीस वर्षं बायको म्हणून. मी ऐकलं नाही. घाटगे सरांना अहवाल गेला तो अकरा रेघांसकट, फक्त त्या रेघांखालचे आकडे शरयूनं हिरव्या शाईनं पुन्हा लिहिले होते. सरांनी न हसता त्यावर सही केली. माझ्या हाताची मगर, वाघ आणि पोर्तुगीजांची तोफ अशी सव्वीस-सत्तावीस कारणं मी आजवर सांगितली आहेत, आणि प्रत्येकावर कुणी ना कुणी विश्वास ठेवलेला आहे.

पण मला आठवते ती त्या दिवशीची ट्रॉली. कारखान्याकडे निघालेला उसाचा ट्रॅक्टर थांबवून शिदू खोतानं मला वर चढवलं, शरयूला चढवलं, आणि मग खाली उभ्या असलेल्या लेकीला म्हणाला, "मालन, तूबी चल. मास्तरांचा हात वर धरायला कुनीतरी पायजे." आणि शरयूच्या कानाशी वाकून, मला ऐकू येईल न येईल असं, "बाई, त्या डाक्टरला हिचंबी सांगा."

मालननं माझं मनगट दोन्ही हातांनी धरलं, वही धरली होती तसं नाही, चांगलं आवळून. आणि चार मैल ती मला बोलत राहिली.

"येवढं शिकलात, आन् घान्यात हात घालू नये येवढं म्हाईत न्हाई?"

"नव्हतं माहीत."

"मी सोमवारधरनं लावतीया. गेला का येकदा तरी माजा हात?"

"नाही गेला."

"ऊस लावला की सोडायचा असतो. सोडायचा! कळलं?"

"कळलं."

"परत करनार?"

"नाही."

तिचं समाधान झालं नाही. तिनं मान वळवून बापाकडे पाहिलं. "बाबा, तुमीबी सांगा की यास्नी."

शिदू खोत उसाच्या मोळीवर पाठमोरा बसला होता. रस्त्याकडे तोंड करून तो म्हणाला, "ती म्हनती ते ऐका, मास्तर."